बाकी सर्व पूर्वीप्रमाणे
(कोल्हापूर येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांनी आयुष्यभर वाणिज्य शाखेच्या मुलांना जमाखर्च शिकवला. त्यांच्या नावाने बोलायचे तर विषय हिशेबाचाच असावा, आणि ताळेबंद जुळला तरी मनातून जात नाही असा असावा, असे मला वाटले. म्हणून आज मी एका पत्राविषयी बोलणार आहे. कारखानदारीत मुरलेल्या बहुतेकांना ते कधी ना कधी आलेले असते. लेटरहेड कोरे करकरीत. कंपनीचे नाव नवे, जीएसटी नंबर नवा, बँकेचे खाते नवे. पत्ता तोच, फोन तोच, सहीसुद्धा ओळखीची. मजकूर चार ओळींचा: अमुक तारखेपासून आमचे व्यवहार वरील नावाने चालतील, यापुढील ऑर्डर आणि पेमेंट याच नावाने करावे, बाकी सर्व पूर्वीप्रमाणे.

सगळे पूर्वीप्रमाणे असते, फक्त मागची देणी नसतात. ती जुन्या कंपनीबरोबर गेलेली असतात, आणि जुनी कंपनी दिवाळ्यात निघालेली असते.

असे करणे कायद्यात बसते का, हा प्रश्न वकिलांना विचारला तर उत्तर मिळते. ते बरेचदा ‘बसते’ असेच असते. असे करणे योग्य आहे का, हे मात्र आपण कोणालाच विचारत नाही. निदान मोठ्याने तरी विचारत नाही, कारण पत्र पाठवणारा माणूस आपल्या ओळखीचा असतो, लग्नाकार्यात भेटतो, आणि उद्या आपल्यावरही ही वेळ येईल अशी धास्ती प्रत्येकाच्या पोटात असते.

मी जवळून पाहिलेल्या एका फौंड्रीचे सांगतो. तिचे नाव सांगणार नाही. दोन मोठ्या गिऱ्हाइकांना कास्टिंग जायचे, धंदा बरा चालला होता. मग एका गिऱ्हाइकाने शेड्यूल निम्म्यावर आणले, दुसऱ्याने पेमेंट लांबवत नेले. भट्टीचे वीजबिल लांबवता येत नाही. बँकेने कॅश क्रेडिटची मर्यादा आवळली. मालकाचे राहते घर आधीच तारण होते. शेवटी कंपनी बंद पडली, आणि थोड्याच आठवड्यांत त्याच शेडमध्ये, त्याच भट्टीवर, मुलाच्या आणि मेव्हण्याच्या नावाने दुसरी कंपनी उभी राहिली. यंत्रे जुन्या कंपनीकडून विकत घेतल्याचे कागद होते. किंमत घरातल्या घरातच ठरली होती.

आता त्या शेडभोवतीची माणसे पाहा. आत गिऱ्हाइकांचे पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचे नमुने, होते. पॅटर्न गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो, फौंड्रीकडे तो फक्त वापरायला दिलेला असतो. पण गेटला कुलूप लागले की तो सोडवून आणणे जिकिरीचे होते, आणि दुसरीकडे नवा पॅटर्न बनवून त्याचे सँपल पास होईपर्यंत लाइन थांबते. त्यामुळे नव्या कंपनीचा फोन आला तेव्हा पर्चेस खात्याचा जीव भांड्यात पडला. एरवी ज्या व्हेंडर कोडसाठी महिनोन्महिने चकरा माराव्या लागतात, तो या वेळी चार दिवसांत निघाला.

स्क्रॅपवाल्याचे जुने देणे हप्त्याहप्त्याने द्यायचे नव्या कंपनीने कबूल केले. त्याने माल थांबवला असता तर भट्टी पेटली नसती. बेंटोनाइट पुरवणाऱ्याचेही काही दिले गेले. टेम्पोवाल्याला अर्धे मिळाले, तेसुद्धा तो रोज गेटवर येऊन बसला म्हणून. फेटलिंगच्या ठेकेदाराला काहीच मिळाले नाही.

फेटलिंग म्हणजे काय, हे शहरातल्या काही श्रोत्यांना माहीत नसेल. साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या कडेला जादा धातूचा पापुद्रा राहतो, पोकळीत वाळू चिकटलेली असते. ती छिन्नीने सोडवायची, पापुद्रा ग्राइंडरने घासायचा. अंगावर ठिणग्या, नाकातोंडात धूळ. दर किलोवर. या ठेकेदाराने आपल्या माणसांचा पगार दर आठवड्याला स्वतःच्या खिशातून भागवला होता, कारण वरून पैसे येतील या भरवशावर माणसे थांबत नाहीत. त्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले, बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या. त्याची वही मी पाहिली आहे. शाळेची शंभर पानी वही. डावीकडे चलन नंबर आणि वजन, उजवीकडे जमा रक्कम. शेवटच्या काही पानांवर डावी बाजू दाट भरलेली, उजवी कोरी. मालक त्याला म्हणाले, ‘अरे, ती कंपनी गेली. तिचे आता माझ्या हातात काही नाही. तू या कंपनीत नव्याने सुरू कर.’ त्याने सुरू केले. त्याच शेडमध्ये, त्याच ग्राइंडरवर.

कोणाचे पैसे द्यायचे हे इथे कोणाचे किती येणे आहे यावर ठरले नाही. ज्याच्यावाचून अडेल त्याला मिळाले, ज्याच्या जागी दुसरा उभा करता येतो त्याला मिळाले नाही. मला यातली सर्वांत टोचणारी गोष्ट हीच वाटते. सगळ्यांनाच सारखे बुडवले असते तर ती एक आपत्ती म्हणून सोसता आली असती.

आणि नव्या कंपनीने जुनीतून काय काय नेले? गिऱ्हाईक नेले, कामगारांचा तयार हात नेला, पॅटर्न नेले, फोन नंबर नेला. त्याहून मोठी म्हणजे इतक्या वर्षांची बाजारातली ओळख नेली. ती ओळख मालकाने एकट्याने कमावलेली नव्हती. फेटलिंगवाल्याने उधारीवर काम केले म्हणून माल वेळेवर गेला, माल वेळेवर गेला म्हणून नाव झाले. ज्यांच्या उधारीवर नाव उभे राहिले त्यांचे देणे मागे टाकून ते नाव तेवढे पुढे न्यायची मुभा कायदा देत असेल, पण नीती देत नाही. आज मला सांगायचे आहे ते एवढेच. यापुढचे बोलणे त्याच्या बाजूने आणि विरुद्ध काय म्हणता येते याविषयी.

विरुद्ध बाजू कमकुवत नाही, आणि ती मी मनापासून मांडतो. धंदा बुडणे हा गुन्हा नाही. जो कधी बुडाला नाही त्याने बहुधा फारसे काही करून पाहिलेलेच नाही. वरच्या फौंड्रीत मालकाने पैसे उधळले नव्हते, परदेशात पळवले नव्हते. गिऱ्हाइकाने शेड्यूल कापले त्याला तो काय करणार? भट्टी बंद ठेवली असती तर चाळीस-पन्नास घरांची चूल थंडावली असती. नवी कंपनी काढली म्हणून निदान काम तरी राहिले, फेटलिंगवाल्यालाही राहिले. जुन्या देण्याचे ओझे नव्या कंपनीच्या मानेवर ठेवले असते तर तिला कोणत्या बँकेने उभे केले असते? माणसाला पुन्हा उभे राहू देणे हीसुद्धा नीतीच आहे, आणि तिचा वारसा आपल्याकडे मोठा आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतली कर्जखते बाहेर काढून जाळली. त्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता: व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. बापाचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे, हे हिंदू कायद्यातले धर्मबंधन २००५ च्या दुरुस्तीने संपले. ऋणकोवर दया करावी, हे या मातीला शिकवायची गरज नाही.

पण ही दया कोणासाठी होती? सावकारापुढे हात जोडून उभा असलेल्या कुणब्यासाठी. आपल्या फौंड्रीच्या गोष्टीत कुणब्याच्या जागी कोण आहे? मला तरी तिथे शंभर पानी वही घेऊन उभा असलेला ठेकेदार दिसतो. दुबळ्या ऋणकोसाठी निर्माण झालेली सवलत आज दुबळ्या धनकोविरुद्ध वापरली जाते, आणि बोलताना आपण मात्र त्याच जुन्या दयेचे शब्द वापरतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मर्यादित जबाबदारीची कंपनी म्हणतो आपण, पण ती जबाबदारी कोणापुरती मर्यादित असते? बँक कर्ज देताना मालकाची वैयक्तिक हमी घेते, घराचे कागद घेते, बायकोचीही सही घेते. ललितकुमार जैन विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंपनीची पुनर्रचना योजना मंजूर झाली एवढ्याने हमीदार सुटत नाही. म्हणजे बँकेपुरती कंपनीची भिंत उभीच नसते. भिंत उरते ती फक्त त्यांच्यापुरती, ज्यांना हमी मागायची ताकद नव्हती. फेटलिंगवाला मालकाला म्हणू शकला असता का, की आधी घराचा उतारा दाखवा, मग कास्टिंग घासतो?

सरकारही स्वतःपुरते हुशार आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम ८५ म्हणते की धंदा हस्तांतरित झाला तर तोपर्यंतच्या थकीत कराला देणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने, कलम १७-ब मध्ये, कामगारांच्या थकीत वर्गणीबाबत तेच ठरवून दिले. म्हणजे नाव बदलले तरी धंदा तोच असू शकतो, हे सरकारला चांगले कळते. कराच्या बाबतीत कळते, पीएफच्या बाबतीत कळते. किलोवर दर लावून काम करणाऱ्याच्या बाबतीत मात्र नवी कंपनी म्हणजे नवा जीव.

हा नवा जीव आला कुठून, तेही सांगतो. १८९२ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात अॅरन सॅलोमन नावाच्या बूट बनवणाऱ्या कारागिराने आपला चालता धंदा कंपनीला विकला. कंपनीत भागधारक सात: तो स्वतः, बायको आणि पाच मुले. त्या सहा जणांकडे एकेक शेअर, बाकी सगळे त्याच्याकडे. विक्रीच्या किमतीतले दहा हजार पौंड त्याने तारणी कर्जरोख्यांत घेतले. म्हणजे आपल्याच कंपनीचा तो तारण असलेला धनको झाला. वर्षभरातच धंदा बसला. मालमत्तेवर पहिला हक्क कर्जरोख्यांचा, त्यामुळे ज्या व्यापाऱ्यांनी उधारीवर माल दिला होता त्यांच्या वाट्याला काही उरेना. खालच्या न्यायालयांना हे रुचले नाही. पण १८९६ च्या नोव्हेंबरमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की कंपनी ही मालकाहून वेगळी व्यक्ती आहे. जगभरच्या कंपनी कायद्याचा पाया तो हाच.

सॅलोमनला लबाड म्हणणे अन्यायाचे होईल. कंपनी सावरण्यासाठी त्याने ते कर्जरोखेही पुढे गहाण टाकले होते. पण त्याच निकालात लॉर्ड मॅक्नॉटन यांनी एक गोष्ट नोंदवली, जी पाठ्यपुस्तकांत क्वचित येते. कंपनी बुडण्याआधीच्या ठरावीक काळात ज्या सामान्य व्यापाऱ्यांनी उधार दिले त्यांना मालमत्तेवर अग्रहक्क मिळायला हवा, असे आपले फार दिवसांचे मत आहे. पण आजचा कायदा तसा नाही, या आशयाचे ते म्हणाले. ज्या न्यायाधीशाने भिंत बांधायला मदत केली त्यालाच भिंतीबाहेर कोण राहणार ते दिसत होते. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचे कलम ५३ पाहा. लिक्विडेशनचा पैसा वाटताना आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेले धनको आणि कामगारांची २४ महिन्यांची देणी, मग इतर कर्मचारी, मग बिनतारणी वित्तीय धनको, मग सरकार. माल आणि काम पुरवणारे येतात ते ‘उरलेली देणी’ या सदरात. तिथपर्यंत काही पोचलेच तर.

अशा उधारीवाल्याने स्वतः संहितेखाली दाद मागायची म्हटले तर थकबाकी किमान एक कोटीची हवी. २०२० च्या मार्चपूर्वी ही मर्यादा एक लाख होती. २००६ चा सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा ४५ दिवसांत पैसे द्यायला सांगतो, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लावतो. कंपनी जिवंत असेल तर त्या कायद्याचा उपयोग होतो. मेलेल्या कंपनीवर तिप्पट व्याज लावून कोणाचे पोट भरत नाही.

नव्या नावाच्या या खेळाविरुद्ध इंग्लंडने एक थेट उपाय केला. १९८६ च्या दिवाळखोरी कायद्याचे कलम २१६ सांगते: जी कंपनी देणी न फेडता लिक्विडेशनमध्ये गेली, तिच्यात त्याआधीच्या बारा महिन्यांत जो संचालक होता, त्याने पुढची पाच वर्षे त्याच किंवा तशाच भासणाऱ्या नावाच्या कंपनीत संचालक व्हायचे नाही, ती चालवायचीही नाही. त्याला अपवाद आहेत, न्यायालयाची परवानगी मिळू शकते. पण या अपवादांबाहेर जाऊन नियम मोडला तर फौजदारी आहे, आणि कलम २१७ खाली नव्या कंपनीची देणी त्याच्या स्वतःच्या डोक्यावर येतात. २००३ मध्ये एका खटल्यात ‘एअर कंपोनंट कंपनी’ आणि ‘एअर इक्विपमेंट कंपनी’ ही दोन नावे तिथल्या अपील न्यायालयाने फसगत होण्याइतकी सारखी ठरवली. कायदा कडक आहे. पण तो नावाला धरतो, आणि अडचण तिथेच आहे. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्याने अगदी वेगळे, देवाचे किंवा नातवाचे नाव घेतले तरी कारखाना कोणाचा हे चहाच्या टपरीवरसुद्धा माहीत असते. गिऱ्हाईक येते ते माणसाकडे पाहून. पाटीवर काय आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

आपल्याकडे संहिता आल्यानंतर मंजूर झालेली पहिली पुनर्रचना योजना एका पुरवठादाराचीच होती, हा योगायोग मला विचार करायला लावतो. सिनर्जीज-डूरे ऑटोमोटिव्ह, विशाखापट्टणमची, मोटारींची अलॉय चाके बनवणारी. २०१७ च्या ऑगस्टमध्ये न्यायाधिकरणाने योजना मंजूर केली. घेणारी सिनर्जीज कास्टिंग्ज ही त्याच समूहातली कंपनी. वित्तीय धनकोंचे दावे सुमारे ९७२ कोटींचे, आणि मिळणार होते सुमारे ५४ कोटी. हा व्यवहार त्या वेळच्या कायद्यात बसला, आणि त्या दाव्यांत वर्षानुवर्षे साचलेले व्याजही होते, हे न्याय म्हणून सांगितले पाहिजे. पण बुडालेली कंपनी तिच्याच माणसांना कवडीमोलाने परत मिळावी का, हा प्रश्न त्या वर्षी देशभर विचारला गेला, आणि २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये वटहुकमाने कलम २९-अ आले. हेतुपुरस्सर कर्ज बुडवणाऱ्यांना, ज्यांची खाती वर्षाहून अधिक काळ थकीत आहेत अशा प्रवर्तकांना, आपलीच कंपनी लिलावात घ्यायला बंदी झाली. पुढच्या वर्षी लघुउद्योगांना त्यातून मोठी सूट मिळाली. ती मला पटते. छोटी फौंड्री तिच्या मालकाशिवाय दुसरे कोण घेणार? पण सूट देताना त्या मालकाने मागच्यांचे काय करायचे याबद्दल एक ओळही नाही, हे पटत नाही.

न्यायालय कधीकधी कागदाच्या पलीकडे पाहते. कन्सॉलिडेटेड कन्स्ट्रक्शन विरुद्ध हायट्रो एनर्जी सोल्युशन्स या खटल्यात चेन्नई मेट्रोच्या कामासाठी दिव्यांची ऑर्डर होती आणि ५० लाखांचा अॅडव्हान्स दिला गेला होता. ऑर्डर घेणारी संस्था मालकी हक्काची, एकल. पुढे जवळपास त्याच नावाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी निघाली. अॅडव्हान्स परत मागितला तर कंपनी म्हणते, पैसे आम्ही घेतलेच नव्हते. पण कंपनीच्या स्थापनापत्रातच लिहिले होते की ती एकल संस्था ताब्यात घेणे हा तिचा उद्देश आहे. पुढे तसा ताबा घ्यायचा नाही असे ठरले होते, हे तिचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाला पटले नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत निकाल लागला: पुरवठ्यासाठी अॅडव्हान्स देणाराही, माल पुरवणाऱ्यासारखाच, व्यवहारी धनको आहे, आणि ही कंपनी त्याला जबाबदार आहे. या निकालाचा मला आनंद आहे. पण विचार करा, ते एक वाक्य स्थापनापत्रात लिहिलेच नसते तर?

म्हणून या प्रश्नाचा तोडगा कायद्यात पूर्ण सापडेल असे मला वाटत नाही. तो आपल्यालाच काढावा लागेल, आणि त्याची सुरुवात सत्य सांगण्यापासून होते. १९२० च्या प्रांतिक दिवाळखोरी कायद्यात एक कलम होते, ७२ वे. न्यायालयाने अजून मुक्त न केलेल्या दिवाळखोराने पन्नास रुपये किंवा अधिक उधार घेताना समोरच्याला आपण दिवाळखोर आहोत हे सांगितलेच पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद. कलम नीट वाचले की कळते, उधार घेऊ नकोस असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. सांगून घे, एवढेच म्हटले आहे. माणूस सांगून उधार मागतो तेव्हा देणारा डोळे उघडे ठेवून देतो, आणि बुडाले तरी त्याची फसवणूक झालेली नसते. कंपनीच्या आडोशाने आपण हे सांगणेच काढून टाकले.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक तारीख. धंदा आता वाचत नाही हे मालकाला ज्या दिवशी कळते तो दिवस. तो दिवस ताळेबंदात दिसत नाही. पण ज्याने कारखाना चालवला आहे त्याला रात्री अंथरुणावर तो कळलेला असतो. इंग्लंडच्या कायद्यात आणि आपल्या संहितेच्या कलम ६६ मध्येही त्या तारखेनंतर धनकोंचे नुकसान कमी करायची जबाबदारी संचालकावर टाकली आहे. न्यायालयात ती तारीख सिद्ध करणे फार अवघड असते. मालकाला मात्र ती सिद्ध करून घ्यावी लागत नाही. त्या दिवसानंतर घेतलेला प्रत्येक अॅडव्हान्स, त्या दिवसानंतर ‘सोमवारी बघू’ म्हणून करून घेतलेले प्रत्येक किलो फेटलिंग, हे माझ्या मते उसने घेतलेले नाही, काढून घेतलेले आहे. त्याआधीचे जे बुडाले ते व्यापारातले नुकसान, त्याबद्दल कोणी मान खाली घालू नये.

मग नव्या नावाने उभे राहणाऱ्याने काय करावे? उभे राहावे, जरूर राहावे. पण पत्रात ‘बाकी सर्व पूर्वीप्रमाणे’ या ओळीच्या जागी लिहावे की जुन्या कंपनीची एवढी देणी शिल्लक आहेत आणि ती फेडायचा आमचा प्रयत्न राहील. वकील म्हणतील, असे लिहून देऊ नका, कायदेशीर जबाबदारी अंगावर येईल. त्यावर माझे उत्तर असे की शब्द काळजीपूर्वक लिहा, पण लिहा. यंत्रांची किंमत बाहेरच्या मूल्यमापकाकडून ठरवून घ्या. गिऱ्हाइकाचे पॅटर्न अडकवून ऑर्डर मिळवू नका, मागितल्या दिवशी परत द्या. आणि सगळ्यांचे फेडणे शक्य नसेल तर लहानांपासून सुरुवात करा. ज्यांचे येणे थोडे आहे, ज्यांनी हाताने काम केले आहे, त्यांची यादी करून नव्या कंपनीच्या नफ्यातला ठरावीक वाटा, मालकाने स्वतःसाठी काढण्याआधी, तिकडे वळवा. पाच वर्षे लागोत, आठ लागोत. मी असे करणारे कारखानदार पाहिले आहेत, आपल्याच जिल्ह्यात पाहिले आहेत. त्यांना कोणत्याही कायद्याने तसे सांगितले नव्हते, आणि आज बाजारात त्यांच्या चिठ्ठीवर माल मिळतो.

गिऱ्हाईक कंपन्यांनाही यातून सुटका नाही. शेड्यूल कापून आणि पेमेंट थकवून पुरवठादाराला खाली ओढायचे, मग त्याच माणसाच्या नव्या कंपनीला चार दिवसांत व्हेंडर कोड द्यायचा, आणि मागे कोण मेले ते विचारायचे नाही, हा भागीदारीचाच प्रकार आहे. मोठ्या कंपन्या पुरवठादाराकडून पर्यावरणाची, बालकामगार नसल्याची, गुणवत्तेची किती प्रमाणपत्रे मागतात! त्यांत एक कागद आणखी मागावा: मागच्या कंपनीतल्या लहान धनकोंची यादी, आणि ती कशी फेडणार त्याचा तक्ता. पुरवठादाराला त्या कागदाची जरब कोणत्याही कलमापेक्षा जास्त बसेल, कारण ऑर्डर त्यावर अवलंबून असेल.

या सगळ्याचा एका पानाचा मसुदा मी लिहून आणला आहे आणि तो अध्यक्षांकडे देत आहे. आपल्या उद्योजक संघटनेच्या येत्या सभेत तो चर्चेला घ्यावा ही विनंती. व्हेंडर कोडच्या कलमावर भांडण होईल, ते व्हावे. लहान धनको म्हणजे किती लाखांपर्यंतचा, यावरही मतभेद होतील. माझ्या मसुद्यात पाच लाख आहेत, सभेने तो आकडा बदलावा. फक्त ती चर्चा होईल तेव्हा फेटलिंगचे, मशिनिंगचे आणि वाहतुकीचे ठेकेदार सभेला बोलावलेले असावेत, आणि त्यांना मागच्या रांगेत नव्हे, टेबलाशी खुर्ची मिळावी.